पिंजाऱ्याचा मोकळा ससा

एका गावात एक पिंजारी होता. लोकांच्या जुन्या गाद्या उसवायच्या, गोळा झालेला कापूस काठीनं झोडायचा, पिंजणीच्या ताणलेल्या तारेवर धरून मोकळा करायचा आणि पुन्हा भरून शिवून द्यायचा, हा त्याचा धंदा. हात चांगला चालायचा. जीभ त्याहून जास्त चालायची, आणि तिथंच घोटाळा झाला.

एकदा एका गिऱ्हाइकानं दोन उशांच्या बदल्यात त्याला ससा दिला. पांढराशुभ्र, लाल डोळ्यांचा. पिंजरा एवढासा, की बिचाऱ्याला धड वळताही येईना. पिंजाऱ्याला ते बघवेना. त्यानं सशाला बाहेर काढलं आणि पिंजरा त्याच दिवशी भंगारात देऊन टाकला.

"आजपासून हा ह्या घराचा मालक," तो बायकोला म्हणाला. "आपण भाडेकरू."

"मग मालकांना सांगा, चुलीपाशी लेंड्या टाकू नका म्हणावं," बायको म्हणाली.

घर दोन खोल्यांचं. पुढं कापूस, मागं चूल, मधल्या चौकटीला दार नाही. ससा दिवसभर दोन्हीकडं हुंदडायचा. त्यानं चपलांचे पट्टे कुरतडले, बायकोच्या लुगड्याला भोकं पाडली, पण पिंजाऱ्यानं कधी हात उगारला नाही. एका बाईच्या नव्या गादीत लेंडी निघाली. ती तणतणत आली, तर ह्यानं मुकाट्यानं सगळी गादी उसवून पुन्हा भरून दिली. इथवर माणूस चांगलाच होता, कबूल करायला पाहिजे.

पण चांगुलपणा गप्प बसेल तर ना! गिऱ्हाईक आलं की गादीची गोष्ट राहायची बाजूला.

"माझ्या घरात पिंजरा नाही," तो छाती काढून सांगायचा. "मुक्या जिवाला कोंडणारा माणूस मी माणसात धरत नाही."

"चाचा, मालकांना झोपायला गादी किती किलोची?" पोरंटोरं विचारायची.

"अरे, त्याला गादी कशाला? अख्खा ढीग त्याचाच आहे!"

आणि ते खरंच होतं. सशाला सगळ्यात आवडायचा तो कापसाचा ढीग. आत शिरून बसला की पांढऱ्यात पांढरा, शोधून सापडायचा नाही. बायको बजावायची,

"अहो, मधल्या चौकटीत एक फळी लावा. तुमची काठी चालते तेवढा वेळ राहू द्या त्याला मागं."

"फळी लावली की झाला की पिंजराच! लोक काय म्हणतील?"

"लोकांना काय करायचंय? एक दिवस काठी त्याच्यावर बसेल."

"माझे डोळे फुटलेत का?"

"डोळे असून उपयोग काय? तो दिसतोय कुठं?"

फळी काही त्यानं लावली नाही. पण एक शब्द दिला, की काठी उचलण्याआधी दर वेळी ढिगात कोपरापर्यंत हात घालून चाचपीन, ससा सापडला तर आधी त्याला उचलून मागं ठेवीन. सहा महिने त्यानं तो शब्द पाळला.

मग लग्नसराई आली. कामाला उसंत राहिली नाही. एके दिवशी नवरीची आत्या दारात येऊन उभी राहिली. बाहेर टेम्पोवाला भोंगा वाजवत होता.

"चाचा, मांडवात हळद लागायला आली, आणि आमची गादी अजून उसवलेलीच? नवरीला काय जमिनीवर बसवू?"

"झालंच, ताई. काठी मारली की भरलीच म्हणून समजा."

"कालपण हेच म्हणालात. हात चालवा जरा, तोंड पुरे झालं!"

बायको पाण्याला गेली होती. पिंजाऱ्यानं काठी उचलली. ढिगात हात घालायचा, हे त्याला आठवलं. विसरला असता तर एक वेळ माफ होतं. पण आत्या डोळे वटारून बघत होती, भोंगा थांबत नव्हता. त्यानं काठी नुसती जमिनीवर आपटली आणि ओरडला, "चला मालक, बाजूला व्हा!"

ढीग हलला नाही. म्हणजे ससा मागं असेल, असं तो धरून चालला.

सशाची जात अशी, की घाबरला की पळायच्या आधी जागच्या जागी दबून बसतो. इतके दिवस घरात बाळगून एवढं तरी कळायला हवं होतं. पण पिंजारी सशाबद्दल बोलला फार, आणि बघितलं त्यानं थोडं.

पहिला फटका कापसावर बसला. दुसऱ्याला किंकाळी उठली. सशाला आवाज असतो, हे त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

गुरांच्या डॉक्टरनं मागच्या पायाला काड्या बांधल्या. ससा जगला. पाय मात्र वाकडाच जुळला.

पिंजाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी चौकटीत फळी ठोकली. पुढं तीही त्याला पुरेशी वाटेना, म्हणून काठी आणि पिंजणी घेऊन तो बाहेर लिंबाच्या झाडाखाली बसायला लागला. आता घरात भिण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्यानं फळी काढून टाकली, सगळं घर सशाला मोकळं केलं. पण ससा कुठं फिरेल तर शपथ! चुलीमागची वीतभर जागा त्यानं धरली, ती सोडली नाही. बायकोच्या मांडीवर यायचा, तिच्या हातून खायचा. नवऱ्याची चाहूल लागली की कान पाठीला चिकटवून दगडासारखा बसायचा.

"येईल हळूहळू," बायको म्हणायची.

"यायला पाहिजे," तो म्हणायचा.

रोज कामावरून उठला की हातपाय धुऊन पिंजारी चुलीपाशी बसायचा. तळहातावर मुळ्याचा पाला धरायचा. हात अवघडला तरी धरायचा. ससा पाल्याकडं बघायचा नाही, हाताकडं बघायचा. शेवटी तो पाला जमिनीवर ठेवायचा आणि बाहेर पायरीवर जाऊन पाठमोरा बसायचा. मग आतून बारीक कुरकुर ऐकू यायची. तेवढं ऐकायचा. वळून मात्र बघायचा नाही, कारण वळलं की ती थांबायची, हे त्याला आता कळलं होतं.

तात्पर्य सांगायचं तर सरळ सांगतो. ज्या जिवाला मोकळं ठेवायचं, त्याच्यासाठी आधी आपला हात आवरावा लागतो. ते जमत नसेल तर मोकळीक दिली म्हणून मिरवू नये; त्यापेक्षा ऐसपैस पिंजरा बरा, निदान तो काठी तरी मारत नाही.