बंद गिरणीचं दळण

चंद्राक्का घसा फोडून सांगत होती, "माझ्या गिरणीवर एवढं दळण येतच नाही," पण कुणाचाच तिच्यावर विश्वास बसेना. कराचे साहेब तर विजेचं बिल नाचवत म्हणाले, "मीटर खोटं बोलत नाही, बाई. धंदा लपवलात तुम्ही. दुप्पट कर भरा, नाहीतर गिरणीला सील!"

"जेवढं दळते त्याचा कर दरसाल भरते, पुढंही भरीन," म्हणत अक्कानं गिरणी बंद केली. मीटर आपला पळतच राहिला.

"म्हणजे दळण चालूच आहे म्हणायचं, साहेब! मग तेवढं पीठ पोत्यात भरून द्या. त्याचाही कर भरते."

अक्कानं गिरणीचा मेन स्विच खाली ओढला. तसा शेजारच्या बर्फाच्या कारखान्याचा मालक ओरडतच आला, "माझी लाईट कुणी घालवली?"

साहेबांनी पेन उघडलं. "नाव?"

"सांगा की आता," अक्का म्हणाली.

मालक पुटपुटला, "रंगराव इंगवले."