पुरलेले तीन ताम्रपट

एका राज्यात बर्फ उदंड आणि जमीन त्याहून उदंड. एका टोकाला सूर्य मावळे, तेव्हा दुसऱ्या टोकाला उगवे. तरी राजा हिमकेतूचे मन भरेना. हावेला कुठे बांध असतो?

एका मांत्रिकाने त्याला तीन ताम्रपट दिले. म्हणाला, "समुद्रापार कुणाच्याही नकळत हे पुरावेत. भूमी आपली होईल." शापाविषयी मात्र त्याने चकार शब्द काढला नाही.

दर्यासारंग चंद्रसेनाने तीन किनाऱ्यांवर पट पुरले, आणि जे पहाऱ्यास राहिले त्यांचे पाय भूमीला चिकटले. तिसरा किनारा एका बेटाचा; तिथे तो स्वतःच अडकला. त्यांच्यासाठी घरून धान्य जाई; पोचेपर्यंत निम्म्याला बुरशी लागे.

त्याची पत्नी मेखला दरबारात आली. "महाराज, पट उपटून आणते."

"पट गेले तर भूमी जाईल."

"नाहीतर माणसे जातील."

राजा गप्प बसला. मौन ही संमती मानून तिने धान्याचे गलबत हाकारले.

पहिल्या किनाऱ्यावर पहारेकरी ओशाळले. पट इतका गुपचूप पुरला होता की जागा त्यांनाच आठवेना! तिथली एक म्हातारी पाणमांजराचे कातडे वाळवत होती. मेखलेने तिला विचारले.

म्हातारी खदखदून हसली. "झाडाआडून सारे गाव बघत होते, बाई! त्या खडकाखाली खणा."

दुसऱ्या किनाऱ्यावर मेखलेने आधी गावकऱ्यांनाच विचारले. तिथेही पट निघाला, माणसे मोकळी झाली.

तिसऱ्या किनाऱ्याच्या बेटावर डोंगर आग ओकत होता. चंद्रसेनाची दाढी कमरेला टेकली होती.

"परत जा, मेखले. पट सोडायचा नाही, अशी मला राजाची आण आहे."

बेटाचा मुखिया म्हणाला, "पट याच्याच पायाखाली आहे."

साऱ्यांनी ओढले, पाय हलेना. तेव्हा गलबताच्या डोलकाठीवर बसलेला एक समुद्रपक्षी बोलला, "न विचारता ठेवलेला पाय विचारूनच उचलावा."

चंद्रसेनाला पेच पडला. राजाची आण मोडायची कशी? पण समोर मेखला उभी होती. त्याने मुखियाला हात जोडले. "भूमी तुमची. मी पाहुणा. घरी जाऊ द्याल?"

"केव्हाची वाट पाहतोय! पुन्हा याल तेव्हा हाक मारून या."

पाय सुटला, पट निघाला. मेखला त्याच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडली.

तिन्ही पट पाहून राजाने दीर्घ श्वास सोडला. "सुटलो! न पाहिलेल्या भूमीच्या काळजीने डोळ्याला डोळा लागत नव्हता." पहाऱ्यावर जाणारे कोठारातले धान्य आता घरोघरी पोचले. तिसऱ्या पटाची मेखलेने परात करून घेतली. तीत पीठ मळताना ती हाक मारी, आणि चंद्रसेन अंगणातून चालत येई.

तिचा माणूस जसा घरी आला, तसा वाट पाहणाऱ्या प्रत्येकीचा येवो.