दोरीवरची बारा पानं

फार मागची गोष्ट. अख्ख्या नगरात खोटं बोलणारा एकच माणूस होता आणि तोही सणासुदीला सुट्टी घ्यायचा, इतकी मागची. त्या नगरात राजाचा एक चिटणीस राहायचा. राजाची सगळी पत्रं तोच लिहायचा. राजाने कुणाला शिवी घातली तरी चिटणिसाच्या बोरूतून ती आशीर्वाद होऊन बाहेर पडायची.

त्याला एक मुलगी. बकुळा. अकरा वर्षांची. धड लहान नाही, धड मोठी नाही.

त्याच नगरात एका बाईंचा वर्ग होता. साऱ्या शाळांमधून भाषेत तल्लख अशी बाराच पोरं त्या निवडायच्या. गोष्ट सांगायची कशी, लिहायची कशी, ऐकायची कशी, एवढंच तिथे शिकवायच्या. त्यात बकुळाचा नंबर लागला. चिटणीस आठ दिवस जमिनीवर नव्हता. हसू नका. तुमच्या पोराचा नंबर लागला तेव्हा तुम्ही किती घरी पेढे वाटले, गल्लीला ठाऊक आहे.

वर्ग सुरू होण्याआधी बाईंनी प्रत्येक पोराला एक पान लिहून आणायला सांगितलं. 'आमच्या घरातला एक आवाज.'

बकुळाने लिहिलं आणि आबांना दाखवायला नेलं. चिटणिसाने पान बघितलं. वाचलं? छे! शाईचे डाग तेवढे मोजले.

"चिटणिसाची पोर असं लिहिते होय? थांब."

त्याने स्वतः नवं पान लिहिलं. पहाटेचा मंगल घंटानाद, त्या नादाने जागी झालेली फुलं, फुलांवर डुलणारे भुंगे. भुंगे तर दोनदा आले.

"हे उतरवून काढ आणि बाईंना दे."

"हो आबा," बकुळा म्हणाली.

पहिल्या दिवशी बाईंनी आईबापांना वर्ग बघायला बोलावलं. वर्गात एक लांब दोरी बांधलेली, तिच्यावर बारा पानं टांगलेली. सगळी बाईंनी आपल्या हाताने उतरवलेली, म्हणजे अक्षरावरून ओळखायची सोय नाही. नावही कशावर नाही. आईबापांना खाली चटयांवर बसवलं आणि पोरं मागे भिंतीला उभी केली.

बाई म्हणाल्या, "आज तुमची वर्गाशी ओळख. मी पानं वाचून दाखवते. मग एकेकाने उठायचं आणि आपल्या पोराचं पान काढायचं. पोरांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. पान चुकलं, तर पोर घरी. तेरावं पोर बाहेर वाट बघतंय."

चिटणिसाला लगेच आठवलं, आपलं तर घंटेचं पान! त्याने मिशीवरून हात फिरवला.

शेजारी कुंभारीण बसली होती. तिची मान खाली.

"वहिनी, तुम्हाला वाचता येतं का?" चिटणिसाने मिशीत हसत विचारलं.

"नाही वो दादा. ऐकता येतं नुसतं."

बाई वाचू लागल्या. तिसरं पान असं होतं: 'मग आईने मला बदडलं. त्याच्या आधी मी कुत्र्याच्या नाकात काडी घातली. त्याच्या आधी कुत्रा घोरत होता.'

"हा आमचा बंड्या!" कुंभारीण ओरडलीच. "मेला शेवट आधी सांगतो नेहमी! बाजारातून आला की आधी पडलो म्हणतो, मग गेलो कुठं ते सांगतो!"

सगळे हसले. भिंतीजवळ बंड्याचे कान लाल झाले.

पुढे एक पान आलं: 'आमच्या घरात कुर्र कुर्र आवाज येतो. उंदीर लाकूड कुरतडतो तसा. तो थांबला की मी पळत जाते. सांगायला तोंड उघडते, तेवढ्यात परत कुर्र कुर्र. मग मी परत येते.'

"कुणाच्या घरात उंदीर झालेत हो? मांजर पाळा की!" चिटणीस मोठ्याने म्हणाला.

या वेळी कुणी हसलं नाही.

मग घंटेचं पान आलं. चिटणीस सावरून बसला. पण त्यात भुंगेच नव्हते! फुलंही नव्हती. 'घंटा वाजली की आमच्याकडे सगळे उठतात, फक्त मामा उठत नाही.' एवढंच. पोरीने आपल्या मनाने बदललं की काय? का दुसऱ्याच कुणाचं हे?

बारा पानं झाली. लोक उठायला लागले. चिटणीस मात्र चटईला चिकटला. हुशार माणूस! सगळ्यांनी काढून झालं की उरेल ते आपलं. एकेक जण पान काढायचा, बाई वहीत त्या पोराचं नाव लिहायच्या. दहा पानं गेली. दोरीवर दोनच राहिली, घंटा आणि उंदीर. चटईवर दोघं राहिले, चिटणीस आणि देवळातले गुरवबुवा. बुवांचा गुडघा धरला होता, म्हणून ते मागे.

"बुवा, तुम्ही थांबा," बाई म्हणाल्या. "चिटणीस, उठा."

चिटणीस उठला. त्याने बकुळाकडे बघितलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती. घंटा तर घंटा, असं म्हणत तो त्या पानापाशी गेला. हात वर केला.

वर्गात टाचणी पडली तर ऐकू यावी. बाई खाली मान घालून आधीच्या पोराचं नाव लिहीत होत्या.

कुर्र कुर्र.

चिटणिसाचा हात तिथेच थांबला.

बाईंचा बोरू थांबला. परत चालला. कुर्र कुर्र.

आयुष्यभर तो आवाज त्याच्याच हातातून निघत होता आणि त्याने तो आज पहिल्यांदा ऐकला.

गपचूप उंदराचं पान काढलं असतं तर कुणाला कळणार होतं? त्याने ते काढलंही. पण मग बाईंपुढे धरून म्हणाला, "बाई, हे पान माझ्या पोरीचं. पण मी पोरीला नाही ओळखलं, माझ्या बोरूला ओळखलं. तिने हे मला आधी दाखवलं होतं. मी वाचलंच नाही. डाग मोजले, आणि दुसरंच लिहून दिलं. घरी जायचं तर मी जातो. तिला बसू द्या."

बाईंनी वहीत शेवटून दुसरं नाव लिहिलं. बकुळा. आणि गुरवबुवांना हात देऊन उठवलं. तेरावं पोर? ते बाहेर नव्हतंच. कधीच नसायचं. पण हे आईबापांना आधी सांगतं कोण?

चिटणीस भिंतीपाशी गेला.

"माझं पान कुठंय गं?"

"लोणच्याच्या बरणीखाली. बरणी हलत होती."

चिटणीस हसला आणि त्याने डोळे पुसले. मग उकिडवा बसला. "बकुळे, तुला मला काय सांगायचं होतं?"

बकुळाने आठवून बघितलं.

"ते मागच्या वर्षीचं होतं आबा. आता विसरले."

चिटणिसाने कानावरचा बोरू काढून खिडकीत ठेवला.

"मग ह्या वर्षीचं सांग."

तिने सांगितलं. तिने शेवटही शेवटीच सांगितला, तरी लई वेळ लागला. राजाचं पत्र त्या दिवशी गेलंच नाही.

तात्पर्य: पोराचं पान सुधारायच्या आधी ते एकदा वाचा, आणि पोर बोलायला आलं की हातातलं खाली ठेवा. हो, ज्याच्यावर ही गोष्ट वाचताय, तेसुद्धा.