दोन हत्तींचं नाणं

“मग किल्ली कधी देणार, अप्पा?”

एवढं विचारून मल्लिनाथ खाली बसला. बसला म्हणजे ठाणच मांडलं. आज उत्तर घेतल्याशिवाय हा गडी उठत नाही, हे अप्पांना कळलं.

“कसली किल्ली?”

“कपाटाची.”

“कुठल्या कपाटाची?”

“अप्पा, थट्टा नका ना करू.”

मंगळवेढ्याच्या पलीकडे, काळ्या रानात हा मठ. तिथल्या शिवारात नांगराच्या फाळाला जुनी नाणी लागायची आणि लोक ती आणून मठात ठेवायचे. मठाचे अप्पय्यास्वामी, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, त्यांना या नाण्यांचं भारी वेड. संन्याशाला हे भलतंच खूळ, असं कुणीकुणी म्हणायचं. म्हणोत बापडे! पण नाण्यावरचा वराह कुठल्या राजाचा, कमळ कुठल्या घराण्याचं, हे विचारायला लांबलांबून माणसं यायची ती अप्पांकडेच. सगळी नाणी एका सागवानी कपाटात होती, आणि कपाटाची किल्ली अप्पांच्या कमरेला.

ती ज्याच्या हाती जाईल, तो अप्पांच्या विद्येचा वारस. असं कुणी बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं. थोरल्या शिष्याला, मल्लिनाथाला, तर झोपेतही ठाऊक होतं.

“माझ्यात कमी काय आहे ते तरी सांगा,” तो म्हणाला. “तुम्ही शिकवलेलं सगळं मला तोंडपाठ आहे. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही.”

“हं.”

“लोक म्हणतात, मल्लिनाथ बोलायला लागला की डोळे मिटून ऐकावं. अप्पाच बोलताहेत असं वाटतं.”

खोटं नव्हतं ते. अप्पा बोलताना मधेच थांबून खाकरायचे, तर हाही खाकरायचा. अप्पांना दमा होता. याला काय धाड भरली होती?

अप्पांनी अंगणाकडे पाहिलं.

अंगणात ओतारी येऊन बसला होता. मठाची घंटा तडकली होती, नवी ओतायची होती, आणि तांबं कमी पडत होतं. म्हणून अप्पांनी खोटी ठरवलेली तांब्याची नाणी भट्टीत घालायचं ठरलं होतं. त्या नाण्यांची टोपली आत्ता दोघांच्या मधे होती.

“ही टोपली एकदा नजरेखालून घाल,” अप्पा म्हणाले. “चुकून एखादं खरं जायला नको. मग किल्लीचं बोलू.”

मल्लिनाथाची कळी खुलली. हा तर त्याच्या डाव्या हातचा मळ होता. त्याने टोपली पुढ्यात ओढली आणि भाजी निवडावी तसा सुटला.

“खोटं. खोटं. हेही खोटं...”

“अरे, बघ तरी.”

“बघायचं काय, अप्पा? टोपलीत तुम्हीच टाकलंत ना?”

अप्पांनी हात घालून एक नाणं काढलं. जाडजूड, काळपट. एका बाजूला हत्ती, सोंड उचललेला, पाठ भरलेली, अगदी डौलदार. अप्पांनी ते उलटं केलं. दुसऱ्या बाजूलाही हत्तीच होता. पण हा वर उठलेला नव्हता, आत रुतलेला होता, आणि त्याचं तोंड भलत्याच दिशेला.

“हे?”

“खोटं.”

“का?”

मल्लिनाथाने आधी खाकरून घेतलं. “विजयनगरच्या या नाण्यावर एका बाजूला हत्ती असतो, दुसऱ्या बाजूला राजाचं नाव. इथं दोन्हीकडे हत्ती. राजाचा पत्ताच नाही. टांकसाळीत असलं नाणं पाडत नाहीत. कुणा अडाण्याचा उद्योग आहे हा.”

“हे शब्द कुणाचे?”

“तुमचे!” मल्लिनाथ मोठ्या अभिमानाने म्हणाला.

“माझे माझ्याकडे आहेत... भिंग घे.”

मल्लिनाथाने भिंग उचललं. डाव्या हातात धरलं, उजवा डोळा घट्ट मिटला आणि नाण्यावर वाकला.

अप्पा बघतच राहिले.

“हे काय?”

“काय?”

“उजवा डोळा का मिटलास?”

“तुम्ही मिटता.”

“आणि भिंग डाव्या हातात?”

“तुम्ही धरता. आपली पद्धतच आहे ना ती. धाकट्या शिष्यांनाही मी तशीच लावून दिलीय.”

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला.

“अरे देवा! सगळा मठ डावरा केलास की रे! लेका, माझ्या उजव्या डोळ्यात फूल पडलंय. लहानपणी देवी आल्या तेव्हापासून त्याला नुसतं धुकं दिसतं. नीट दिसत असतं तर मिटला कशाला असता?”

मल्लिनाथाने अप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. उजव्या बुबुळावर पांढुरका डाग होता, चांगला ठळक. इतकी वर्षं तो याच चेहऱ्यासमोर बसत आला होता. डोळा मिटतात एवढं त्याने पाहिलं होतं. का मिटतात, हे विचारायचं त्याच्या मनातही आलं नव्हतं. त्याचं तोंड एवढंसं झालं. किल्ली तर गेलीच, पण या माणसाला आपण कधी नीट बघितलंच नाही, याचं त्याला फार वाईट वाटलं.

“अप्पा, नेऊ का टोपली?” बाहेरून ओतारी ओरडला. “भट्टी पेटवून आलोय!”

“नेशील रे बाबा. थांब जरा.”

अप्पा पुढे सरकले. आपला तळवा त्यांनी मल्लिनाथाच्या डाव्या डोळ्यावर ठेवला.

“आता बघ.”

“मला या डोळ्याची सवय नाही, अप्पा.”

“म्हणूनच...”

भिंग उजव्या हातात आलं. आधी सगळं धूसर दिसलं. मग हत्तीची सोंड दिसली. मग पाठ. मग मागचा पाय, आणि पायाशी एक बारीक पुटकुळी, ज्वारीच्या कणीएवढी.

त्याने नाणं उलटलं. रुतलेल्या हत्तीच्याही मागच्या पायाशी काहीतरी होतं. पुटकुळी नव्हती, खळगी होती. तेवढीच. तिथेच.

अप्पांनी तळवा काढून घेतला. मल्लिनाथाला त्याचा पत्ताही लागला नाही.

“कपाटातला हत्ती द्या,” तो म्हणाला.

“कुठला?”

“आल्यागेल्याला दाखवता तो. चांगला.”

ही काही विनंती नव्हती. अप्पा मुकाट्याने उठले, कमरेची किल्ली सोडली, कपाट उघडलं आणि नाणं आणून त्याच्या हातावर ठेवलं. मल्लिनाथाने ते डोळ्याशी नेलं. त्या हत्तीच्या मागच्या पायाशीही तीच पुटकुळी होती.

मल्लिनाथ उठला आणि पळत सुटला, तो थेट स्वयंपाकघरात. आतून स्वयंपाक करणाऱ्या गौरम्माचा आवाज आला, “आवं, दासोहाच्या जेवणाची कणीक हाय ती! पंगत बसायचीय!” तोवर हा कणकेचा गोळा घेऊन परत आलाही होता. मागोमाग पिठाचे हात घेऊन गौरम्माही दारात येऊन उभी राहिली.

त्याने कपाटातलं चांगलं नाणं कणकेत दाबलं आणि अलगद उचललं.

कणकेत हत्ती उमटला. आत रुतलेला. तोंड उलट्या दिशेला. मागच्या पायाशी खळगी.

मल्लिनाथाने टोपलीतलं नाणं, रुतलेला हत्ती वर करून, शेजारी ठेवलं. दोन्ही हत्ती एकसारखे.

“खाली ऐरणीत हत्तीचा ठसा बसवलेला,” तो भरभर बोलायला लागला. “वरच्या ठशावर राजाचं नाव. मधे तांब्याची चकती ठेवायची आणि वरून घण घालायचा. बरोबर?”

“बरोबर.”

“एक नाणं पडलं. चांगलं पडलं. पण ते वरच्या ठशालाच चिकटून बसलं! टांकसाळवाल्याने घाईत बघितलं नाही. खाली नवी चकती ठेवली आणि घातला घण. त्या चकतीला खालून हत्ती मिळाला, पण वरचा ठसा भेटलाच नाही, अप्पा! वरून आलं ते आधीचं नाणं. त्याचा हत्ती हिच्या अंगात रुतला. राजाचं नाव तिथंच होतं, चिकटलेल्या नाण्याच्या मागे. हिच्यापर्यंत पोचलंच नाही.”

“हं...”

“आणि ही पुटकुळी. हत्तीच्या ठशाचा इथं टवका उडालाय. तुमच्या चांगल्या नाण्यावर ती आहे, याच्यावरही आहे. ठसा एकच. टांकसाळही एकच.”

“मग?”

मल्लिनाथाने नाणं अप्पांपुढे धरलं. आता बोलायचं होतं ते वाक्य तो जन्मात कधी बोलला नव्हता. तो खाकरला मात्र नाही.

“हे नाणं खरं आहे, अप्पा. तुम्ही चुकलात.”

...

अंगणातला ओतारी उठून उभा राहिला. गौरम्माने पिठाचा हात तोंडावर ठेवला. या मठात असं कुणी कधी बोललं नव्हतं.

अप्पांनी नाणं घेतलं. उजवा डोळा मिटला, डाव्याने पाहिलं. उलटं करून पाहिलं. कणकेतल्या खळगीवरून बोट फिरवलं. पुन्हा पाहिलं.

मग ते हसायला लागले. पोट धरधरून, दम लागेपर्यंत हसले.

“चुकलो! अरे, चुकलो की रे मी! चांगला विजयनगरच्या देवरायाचा हत्ती, आणि इतकी वर्षं मी त्याला टोपलीत कोंडून ठेवला! ओतारीबुवा, भट्टी विझवा. टोपली इथंच राहू दे.”

“आन् घंटा, अप्पा?”

“घंटेचं बघू पुढं! तोवर थाळी बडवू. आधी हा टोपलीतलं एकेक नाणं बघेल. आता स्वतःच्या डोळ्यांनी बघेल! मग उरलं तर न्या तांबं.”

किल्ली कपाटालाच लटकत होती. अप्पांनी तिच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मल्लिनाथाने पाहिलं, आणि त्याची छाती भरून आली. जिंकलो, असं मोठ्याने ओरडावंसं वाटलं. तो खाली वाकला. त्याने अप्पांच्या पायांवर डोकं ठेवलं, दोन्ही हातांनी पाय घट्ट धरले, आणि लहान पोरासारखा रडायला लागला. रडता रडता हसतही होता.

अप्पांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला. थोडा वेळ जाऊ दिला... आणखी थोडा...

तो काही सुटेना, पायांना चिकटूनच बसला.

“पाय सोड, मल्लिनाथा... पुढचं नाणं बिघडेल.”