सागाचा श्वास

झाडं एकमेकांशी बोलत असत तेव्हाची गोष्ट. डोंगरउतारावर हवा मोजणारा एक मनोरा होता आणि खालच्या खोलगटात एक उंबर. शेजारचा साग रोज सकाळी विचारी, "मनोरेबुवा, रात्री मी किती वाईट हवा सोडली?"

"जवळजवळ नाहीच," मनोरा म्हणे.

"मग खाली खोलगटात कोंदते ती त्या उंबराचीच!" साग सगळ्या रानाला ऐकवी. ऐकून ऐकून पाखरांनी उंबर सोडला.

एका पहाटे सागाच्या बुंध्याशी धुकं दाटलं आणि सगळ्यांदेखत उतरत उतरत उंबराच्या खोलगटात जाऊन बसलं.

मनोरा ओशाळला. "सागोबा, वारा पडला की तुमचा श्वासही याच वाटेनं जात असणार. मी मोजतो वर टोकाशी, तिथवर तो पोचलाच नाही."

उंबरानं वर सागाकडे पाहिलं. "दादा, पाखरांना तेवढं सांगाल का?"

सागाला पहिल्यांदाच आपली उंची लपवावीशी वाटली.