पाहुण्याचं पान

पाखरं माणसांसारखी बोलत, त्या काळची गोष्ट. एका पाणथळीत परमुलखातलं झाड येऊन रुजलं आणि बघता बघता त्याचं रान माजलं. ते घटाघटा पाणी पिई. लव्हाळी वाळली, बेडूक मुलूख सोडून गेले. सगुणा पाणकोंबडी रोज चोचीनं त्याची रोपं उपटी. पण एक उपटावं तर दहा उगवत.

शेवटी करकोच्यांनी त्या झाडाच्या माहेराहून एका सोंडकिड्याला बिऱ्हाडासकट आणलं.

"आता हा उरलंसुरलं खाणार!" सगुणा पुटपुटली. तरी पाहुणा तो पाहुणाच. तिनं त्याच्यापुढं कमळाचं कोवळं पान मांडलं. त्यानं तोंड लावलं नाही. मग शिंगाड्याचं मांडलं. तरी तो उपाशीच.

"आमचं अन्न चालत नाही होय रे तुला?" ती तडकली.

"रागावू नका, मावशी. मला त्या एका झाडाचंच पान खाता येतं. दुसरं पचतच नाही."

सगुणाच्या जिवात जीव आला.

तीन पावसाळे किड्यांनी त्या झाडांचे कोवळे शेंडे खाल्ले. फुलं धरेनात, बी पडेना, झाडं वठत गेली. पाणी परतलं, पाठोपाठ बेडूकही.

उरलीसुरली रोपं उपटत सगुणा शेवटच्या रोपापाशी आली आणि थांबली.

"उपट की!" बेडूक ओरडले.

"नाही रे बाबांनो," ती म्हणाली, "ते पाहुण्याचं पान आहे. त्याच्यामुळं आपण जेवतोय. त्याला भरल्या पानावरून उठवायचं नसतं."