पाठ फिरवलेला सहा

त्या संख्येत चार आधी होता की पाच, हे मला आता खात्रीने सांगता येणार नाही. आकड्यांचा क्रम मी कदाचित चुकवत असेन. राजाची अट मात्र नीट आठवते.

भद्रसेन राजाच्या दरबारात, पितळी पत्र्यातून कापलेले एक ते नऊ आकडे पाटावर मांडले होते. राजगणक विश्वंभरशास्त्री म्हणाले, "हे नऊ कसेही लावा. जी संख्या होईल तिला नवाने भाग जाणारच. एकही सुटत नाही."

दारावरचा पहारेकरी सोनबा पुटपुटला, "एवढ्या ढिगात एखादी तरी सुटेलच की."

शास्त्र्यांचे कान तिखट होते. राजाने सोनबाला तुरुंगात टाकले. "अशी संख्या सापडेल त्या दिवशी तूही सुटशील."

दुसऱ्या दिवशी सोनबाची बायको गोजरा दरबारात आली. ती राजाच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायची. हाताला पीठ तसेच होते.

"आता भाकरीवाली गणित करणार," शास्त्री म्हणाले. "अगं, तुला मोजता तरी येतं का?"

"तुमच्या भाकऱ्या मोजण्यापुरतं येतं, शास्त्रीबुवा. तेवढ्यावर माझं भागतं."

राजाने दरडावले, "हेच नऊ आकडे. एकही काढायचा नाही, बाहेरचा आणायचा नाही. हरलीस तर नवऱ्याशेजारी जाऊन बसशील."

"बसेन. घरी तरी कुठे बसायला मिळतं?"

तिने आकडे लावले: १२४५७८९३६. शास्त्र्यांनी धड पाहिलेही नाही. "भाग जातो. नीघ."

"थांबा. शेवटचे तीन आणि सहा बघा, पाठीला पाठ लावून बसलेत. असा छत्तीसचा आकडा घरात बरा नाही." तिने सहाचा पत्रा उचलला आणि तव्यावरची भाकरी उलटावी तसा उलटून ठेवला. छत्तीसचे तेहतीस झाले. "नाही उलटलं की करपतं, महाराज. करा म्हणावं आता भागाकार."

"ही लबाडी आहे! सहा कुठे गेला?"

"पत्रे मोजा की, नऊच आहेत. काढू नको म्हणालात, आणू नको म्हणालात. उलटू नको असं कोण म्हणालं?"

राजाने मिशीत हसू दाबले. "शास्त्रीबुवा, भागा."

शास्त्र्यांनी पाटीवर भागाकार मांडला, पुसला, पुन्हा मांडला.

"बाकी किती?" राजाने विचारले.

"सहा," शास्त्री पाटीकडे बघतच म्हणाले.

"मग हरवला म्हणून ओरडत का होतात?" गोजरा म्हणाली. "बाकीत जाऊन बसलाय तो."

राजा इतका हसला की त्याला मुकुट सावरावा लागला. सोनबा त्याच संध्याकाळी घरी जेवला. राजाने गोजराला ओढ्याकाठची जमीन दिली आणि वर ते पितळी आकडेही देऊ केले.

"ते राहू द्या इथेच," ती म्हणाली. "शास्त्रीबुवांना अजून शिकायचंय."

क्रमाची काळजी मी उगीच केली, हे निवृत्तीनंतर कागद घेऊन बसलो तेव्हा कळले. एक ते नऊ आकड्यांच्या तीन लाख बासष्ट हजार आठशे ऐंशी मांडण्या होतात. त्यांतली कोणतीही घ्या. सहा उलटला की आकड्यांची बेरीज बेचाळीस होते आणि नवाने भागल्यावर बाकी उरते ती सहाच.